महात्मा जोतीराव फुले : माती, पाणी आणि शेतकऱ्याची भाकर

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
● जोतीराव फुले यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
● एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या पठारावरील अल्पभूधारक शेतकऱ्याची स्थिती स्पष्ट करता येईल.
● जमिनीचा कस आणि शेतकऱ्याची उपासमार यांचा जोतीरावांनी जोडलेला संबंध उलगडून दाखवता येईल.
● 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथातील उपाययोजना व भाषा यांची वैशिष्ट्ये नोंदवता येतील.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जोतीराव फुले यांचे नाव घेताच मुलींची पहिली शाळा, सत्यशोधक समाज आणि 'गुलामगिरी' हा ग्रंथ आपल्या डोळ्यांसमोर येतो. हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा आणखी एक धागा आहे आणि तो तुलनेने कमी अभ्यासला गेला आहे. हा धागा मातीचा आहे. डोंगरउतारावरची सुपीक माती वाहून गेली, चराईची राने बंद झाली, जनावरे रोडावली, खत आटले आणि शेतकऱ्याच्या ताटातील भाकर कमी झाली, ही सर्व एकाच साखळीची कडी आहेत, हे जोतीरावांनी ओळखले होते. दुष्काळाचे खापर केवळ पावसावर फोडणे त्यांना मान्य नव्हते. पाऊस कमी पडतो हे खरे. पण पडलेला पाऊस जमिनीत मुरतो की माती घेऊन निघून जातो, हा प्रश्न माणसांच्या व्यवस्थेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. या घटकात आपण त्यांचे चरित्र या दृष्टीने पाहणार आहोत.

२. विषय-विवेचन

२.१ घराणे आणि प्रदेश

फुले घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातील कटगुण या गावचे. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुढे हे कुटुंब पुरंदर भागातील खानवडी येथे आणि जोतीरावांचे आजोबा शेटीबा यांच्या काळात पुण्यात आले. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले.

कटगुण, खानवडी आणि पुणे ही तीन गावे नकाशावर पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. तिन्ही गावे सह्याद्रीच्या पूर्वेस, दख्खनच्या पठारावर आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे उतरत गेले की खटाव-माणच्या परिसरात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. नदीकाठची काळी जमीन खोल व कसदार असते. डोंगरपायथ्याच्या आणि माळरानाच्या जमिनीत मात्र मुरमावर मातीचा वीतभर थर असतो. जमीन उताराची आणि पाऊस थोडा पण झोडपणारा असल्यामुळे हा पातळ थर टिकवणे हेच तेथील शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम राहिले आहे. पश्चिमेकडील मावळात पाऊस भरपूर. परंतु तेथेही उतारावर नाचणी-वरई आणि खाचरात भात घेणाऱ्या शेतकऱ्याला राबासाठी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा लागतो. म्हणजे पठारावर असो वा डोंगरात, शेत आणि लगतचे रान ही एकमेकांवर अवलंबून असणारी व्यवस्था होती.

२.२ खंडित शिक्षण आणि शेतातील वर्षे

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. वडील गोविंदराव भाजीपाला व फुलांचा व्यवसाय आणि शेती करीत. जोतीराव वर्षाचे असतानाच आई चिमणाबाई निवर्तल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा सांभाळ केला. सातव्या वर्षी ते शाळेत गेले. परंतु माळ्याच्या मुलाला शिक्षण कशाला, या सल्ल्याला बळी पडून वडिलांनी त्यांना शाळेतून काढले. पुढील सुमारे तीन वर्षे ते वडिलांबरोबर शेतात राबले. १८४० मध्ये नायगावच्या सावित्रीबाईंशी त्यांचा विवाह झाला.

शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी या मुलाची बुद्धी पाहून गोविंदरावांचे मन वळवले. १८४१ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. संसार आणि काम सांभाळून शिक्षणाचा तुटलेला धागा पुन्हा जोडणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको. मात्र त्या मधल्या तीन वर्षांना वाया गेलेला काळ मानणे चूक ठरेल. पुढे शेतीविषयी लिहिताना त्यांच्या लेखणीत जो नेमकेपणा आला, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

१८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. या कार्यामुळे पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्यांसाठी खुला केला आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या कार्याचा तपशील आपण अन्य घटकांत अभ्यासणार असल्याने येथे केवळ निर्देश केला आहे.

२.३ दगड, कालवा आणि मळा

जोतीराव उपजीविकेसाठी सरकारी नोकरीवर अवलंबून राहिले नाहीत. त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरविणे, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशा कामांशी त्यांचा संबंध आला. या व्यवसायातून त्यांना दोन गोष्टी जवळून पाहता आल्या. एक म्हणजे सार्वजनिक बांधकामातील कष्टकऱ्यांची पिळवणूक आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांची लाचखोरी. दुसरी म्हणजे पाणी अडविण्याचे सामर्थ्य. नदीवर बांध पडला की खालच्या शेकडो शेतांचे भवितव्य बदलते, हे त्यांनी ग्रंथात वाचले नव्हते. त्या बांधाचा दगड त्यांनी स्वतः पुरवला होता.

कालव्याचे पाणी मांजरी परिसरात आले तेव्हा अनेक शेतकरी ते घेण्यास कचरत होते. पाणीपट्टीचे भय होते आणि नव्या पद्धतीविषयी शंका होती. जोतीरावांनी तेथे जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. उपदेशापेक्षा उभे पीक अधिक पटते, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ठाऊक होते.

२.४ सारा, कर्ज आणि दुष्काळ

जोतीरावांच्या शेतीविषयक चिंतनाची पार्श्वभूमी समजण्यासाठी त्या काळातील तीन घडामोडी लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिली घडामोड म्हणजे रयतवारी सारापद्धती. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास इंदापुरापासून जमिनीची पाहणी व मोजणी सुरू झाली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरविला गेला. मुदत संपताच फेरपाहणीत तो वाढविण्यात आला. सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याला भरावा लागे. पीक बुडाले तरी त्याची मागणी थांबत नसे. दुसरी घडामोड कापसाच्या भावाची. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात येथील कापसाला चढा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. तेजीत काढलेले कर्ज मंदीत फेडता येईना. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. हे बंड पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले आणि त्याच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

तिसरी घडामोड म्हणजे १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ. पुणे, सातारा, सोलापूर हा सारा पठारी पट्टा त्यात होरपळून निघाला. सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडी येथे अन्नान्न झालेल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालविला. सावित्रीबाई जुन्नरजवळील ओतूर येथे मदतकार्यात होत्या आणि तेथील हालअपेष्टांविषयी त्यांनी जोतीरावांना पत्राने कळविले. भुकेलेल्या मुलांना रोज भाकरी देताना या दांपत्यासमोर एक प्रश्न उभा राहिला असला पाहिजे : जो धान्य पिकवितो त्याच्याच घरातील मूल अन्नछत्रात का यावे? पुढे सहा वर्षांनी लिहून पूर्ण झालेला ग्रंथ हे जणू या प्रश्नाचे उत्तर आहे.

आपली प्रगती तपासा – १
१. जोतीरावांच्या शालेय शिक्षणात खंड का पडला?
२. कंत्राटदारीच्या व्यवसायातून त्यांना कोणत्या दोन गोष्टी जवळून पाहता आल्या?
३. रयतवारी पद्धतीत शेतकऱ्याची अडचण कशी होत असे?

२.५ 'शेतकऱ्याचा असूड'

हा ग्रंथ जुलै १८८३ मध्ये पूर्ण झाला. त्यात पाच प्रकरणे आहेत. धर्माच्या नावाने होणारी लूट, सरकारी अंमलदारांचे दुर्लक्ष आणि नोकरशाहीचा जाच, शेतकऱ्यांच्या स्थितीची ऐतिहासिक मीमांसा, तत्कालीन शेतकऱ्याच्या घरादाराचे चित्र आणि अखेरीस उपाय, असा त्याचा सर्वसाधारण क्रम आहे. हस्तलिखितातील भाग जोतीरावांनी जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला. पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु' या पत्रात प्रसिद्ध झाली. पुढील प्रकरणे छापली गेली नाहीत आणि याचे शल्य जोतीरावांनी बोलूनही दाखवले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतरच वाचकांपुढे आला. उपायांचे पाचवे प्रकरण त्यामुळे त्यांच्या हयातीत मुद्रित स्वरूपात आलेच नाही, ही बाब नोंद घेण्यासारखी आहे.

२.६ मातीचा कस : एक साखळी

जमिनीचा कस का घटला, याचे जोतीरावांनी केलेले विवेचन आज वाचताना त्यातील निरीक्षणाची सूक्ष्मता जाणवते. त्यांची मांडणी पुढील चार मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा डोंगराकडून येणाऱ्या खताचा. रानातील पाने, फुले, मेलेले कीटक, जनावरांचे शेणमूत हे सर्व पावसाच्या पाण्याबरोबर उतरून पायथ्याच्या शेतांत येई आणि जमीन आपोआप पोसली जाई. रान तुटले की हा पुरवठा थांबतो. इतकेच नव्हे, तर अडविणारे काहीच न उरल्याने पाणी शेतातील सुपीक थरही सोबत नेते. नदीनाल्यांना मिळालेले हे सत्त्व शेवटी समुद्रास जाते.

दुसरा मुद्दा विसाव्याचा. पूर्वी जमीन पाळीपाळीने पडीक ठेवता येई आणि त्या काळात ती पुन्हा सावरे. शेतीवर जगणाऱ्यांची संख्या वाढली, वाटण्या होऊन क्षेत्रे लहान झाली आणि दरसाल सारा भरणे भाग असल्याने जमिनीला उसंत मिळेनाशी झाली. सारापद्धती आणि मातीची झीज यांचा असा थेट संबंध त्यांनी दाखवून दिला.

तिसरा मुद्दा रानाचा. ज्यांच्या तुटपुंज्या जमिनीवर पोट भरत नसे, असे शेतकरी लगतच्या डोंगरातील उंबर, जांभूळ यांसारखी फळे खात. पाने, फुले, फळे व सरपण विकून मीठमिरचीची सोय करीत आणि गायरानाच्या आधारावर एकदोन गाई व चार शेळ्या पाळीत. म्हणजे रान हे त्यांचे दुसरे शेतच होते. सरकारने जंगलखाते उभारले, डोंगर, दऱ्या आणि गायराने त्यात घातली आणि शेतकऱ्यांच्या शेरड्यांना चरायला जागा उरली नाही. १८७८ च्या वनकायद्याने ही बंधने अधिक कडक केली. दुष्काळात धान्य संपल्यावर तग धरण्याचा जो शेवटचा आधार होता, तोच असा नाहीसा झाला.

चौथा मुद्दा जनावरांचा. चराई गेली की गुरे रोडावतात. गुरे कमी झाली की शेणखत घटते आणि नांगरटही उथळ होते. त्यातच सरपण मिळेनासे झाले की शेणाच्या गोवऱ्या थापून त्या चुलीत घालाव्या लागतात आणि जे शेतात पडायचे ते जळून जाते. उत्पन्न घटले की कर्ज, कर्ज झाले की बैल विकणे आणि बैल गेले की जमिनीची आणखी हेळसांड, असे हे दुष्टचक्र फिरत राहते.

या मांडणीत माती, रान, जनावर, सारा आणि भाकर यांचा विचार सुटा सुटा केलेला नाही. शेतकरी आळशी व उधळ्या आहे, लग्नकार्यात पैसा उडवितो म्हणून कर्जबाजारी होतो, असे त्या काळी सुशिक्षित वर्गात सर्रास बोलले जाई. जोतीरावांनी हा आरोप नाकारून दारिद्र्याची कारणे शेतकऱ्याच्या स्वभावात न शोधता व्यवस्थेत शोधली. त्यांच्या चिंतनाचे वेगळेपण येथे आहे.

२.७ उपाययोजना

पाचव्या प्रकरणातील सूचना व्यवहारी आहेत. लष्कर व पोलिसांतील रिकाम्या मनुष्यबळाकडून जागोजागी तालीवजा बंधारे असे घालावेत की पावसाचे पाणी शेतांत मुरूनच पुढे ओढ्यानाल्यांस मिळावे. डोंगरदऱ्यांत सोयीनुसार तलाव व धरणे बांधावीत. नद्या, नाले आणि तळी यांतील गाळ पूर्वीप्रमाणे शेतकऱ्यांना मोफत नेऊ द्यावा. जंगलखात्याने घेतलेली गायराने गावांना परत करावीत. पाणाड्यांकडून भूमिगत झऱ्यांचा शोध घेऊन त्यांच्या जागा गावाच्या नकाशांत नोंदवाव्यात आणि विहिरी खोदणाऱ्यांना साहाय्य करावे. शेतीउपयोगी जनावरांचे जतन करावे व मेंढ्याबकऱ्यांची पैदास सुधारावी. पिकांची नासाडी करणाऱ्या श्वापदांपासून रक्षणासाठी शेतकऱ्यांना हत्यारे बाळगू द्यावीत. शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे शिक्षण द्यावे.

या सूचनांतील क्रम पाहण्याजोगा आहे. मोठ्या धरणांची मागणी आहेच. पण त्यांच्या बरोबरीने, किंबहुना आधी, शेतातल्या शेतात पाणी मुरविण्याची योजना आहे. आज ज्याला आपण पाणलोट क्षेत्र विकास म्हणतो, त्याचे तत्त्व हेच आहे. माथ्यावरून खाली येणारे पाणी टप्प्याटप्प्याने अडवावे, म्हणजे वेग कमी होऊन माती जागेवर राहते आणि विहिरींना पाझर फुटतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर शेतांची बांधबंदिस्ती आणि पाझर तलाव यांची कामे निघाली, तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच्या सूचनांना वेगळ्या मार्गाने उजाळा मिळाला.

या विचारांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. सत्य परिस्थिती कळली की इंग्रज सरकार सुधारणा करील, असा विश्वास त्यांच्या लेखनात अनेकदा दिसतो. सारावाढ आणि वनकायदा या गोष्टी त्याच राजवटीच्या आर्थिक धोरणातून आल्या होत्या, या दृष्टीने तो विश्वास अपुरा वाटतो. तथापि त्याच ग्रंथात सरकारवरील कठोर टीकाही आहे, हे विसरता येणार नाही.

२.८ भाषेचा विचार

मराठी भाषेच्या अभ्यासकाने या ग्रंथाकडे आणखी एका कारणासाठी पाहावे. त्या काळातील शिष्ट गद्य शाळाखात्याच्या पुस्तकांनी आणि संस्कृत वळणाने घडत होते. जोतीरावांनी शेताच्या बांधावरील शब्द वैचारिक निबंधात आणले. ताल, गाळ, गायरान, पाणाड्या हे शब्द त्यांच्या लेखनात रंगत आणण्यासाठी येत नाहीत. विचारच त्या शब्दांतून चालतो. त्यांची वाक्ये लांबलचक असतात. एकात एक उपवाक्ये गुंफत, वस्तूंच्या याद्या देत ती पुढे सरकतात. चौथ्या प्रकरणात कर्ज व साऱ्याच्या चिंतेने ग्रासलेल्या कुणब्याचे स्वगत आणि त्याच्या घराचे वर्णन येते. तेथील याद्यांमधून दारिद्र्य मोजूनच दाखविले जाते. हे लेखन मुळात समूहापुढे मोठ्याने वाचण्यासाठी होते, हे ध्यानात घेतले की त्याच्या लयीचा उलगडा होतो. ज्याच्याविषयी लिहिले तोच श्रोता समोर बसला होता आणि त्याला परके वाटेल असे शब्द लेखकाला वापरता येणार नव्हते.

२.९ अखेरची वर्षे

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि झगमगाटावरून देशाची पारख करू नये, हे त्यांनी पाहुण्यांना ऐकविले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत त्यांना महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. पुढे पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडले. तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्य धर्म' हा ग्रंथ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. राहुरी येथील कृषी विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

३. समारोप

जोतीरावांचे शिक्षणकार्य आणि शेतीविचार हे दोन वेगळे विषय नाहीत. 'असूड'च्या आरंभी त्यांनी शेतकऱ्यांच्या अनर्थांचे मूळ अविद्येत पाहिले आणि शेवटच्या प्रकरणात बंधारा व शाळा यांची मागणी एकत्र केली. मोजणीचा कागद, कर्जखत आणि वनखात्याची नोटीस वाचता न येणारा माणूस आपली जमीन राखू शकत नाही. आणि जमिनीचा कस राखता आला नाही तर मुलाला शाळेत पाठविणे परवडत नाही. ही दोन्ही टोके ज्याने स्वतःच्या आयुष्यात अनुभवली, त्याने ती एका ग्रंथात जोडली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजही उताराची, मुरमाड जमीन आहे, त्यांनी पहिल्या पावसानंतर बांधावर उभे राहून पाणी कोठे जाते आणि सोबत काय नेते, हे अवश्य पाहावे. या घटकाचे मर्म त्या निरीक्षणातून अधिक स्पष्ट होईल.

४. शब्दार्थ

असूड – चाबूक, कोरडा.
ताल – उतारावरील माती व पाणी अडविण्यासाठी घातलेला दगडमातीचा बांध.
गायरान – गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सामाईक जमीन.
राब – रोपे तयार करण्यासाठी पालापाचोळा व फांद्या जाळून भाजलेली जमीन.
पाणाड्या – जमिनीखालील पाण्याची जागा सांगणारा.
सारा – जमिनीवरील सरकारी कर.

५. स्वाध्याय

१. दुष्काळाचे कारण केवळ अवर्षण नाही, हा जोतीरावांचा विचार चार मुद्द्यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'शेतकऱ्याचा असूड'मधील उपाययोजनांचे आजच्या संदर्भात मूल्यमापन करा.
३. जोतीरावांच्या गद्यशैलीवर श्रोत्यांचा कसा परिणाम झाला आहे, ते थोडक्यात लिहा.
४. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या वयस्क शेतकऱ्याशी बोलून जमीन, बांध, खत व पाणी यांविषयीचे वीस शब्द गोळा करा आणि त्यांचे अर्थ लिहा.